ताटाची डावी बाजू

"मॅडम, हा काहीच खात नाही." मुलांच्या खाण्याबद्दल सल्ला द्यायचं माझं काम, त्यामुळे हे वाक्य माझ्याकडे आठवड्यातून एकदा तरी येतंच. गेल्या वर्षी ते घेऊन आई आणि आजी आल्या, सोबत साडेचार वर्षांचे चिरंजीव. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.) वरणभात, तूप-साखर-पोळी, डोसा, केळं, भाजी म्हणाल तर फक्त बटाटा. हिरवं दिसलं की ताट ढकलायचं. मग आजी मोबाइल लावून भरवणार, आई "भाजी खा, चॉकलेट देते" म्हणणार आणि बाबा वैतागून उठणार.

आधी बालरोगतज्ज्ञांकडून वजन-उंची तपासून घेतली. वाढ ठीक होती. ती खुंटली असती, गिळताना ठसका लागत असता किंवा आवडीचे पदार्थही एकेक करून सुटत असते, तर रस्ता वेगळा होता. मग तीन दिवस पोटात जाईल ते वहीत लिहायला सांगितलं. निघालं काय, तर दिवसाला चार पेले चॉकलेटचं दूध आणि जेवणाच्या तोंडावर बिस्किटं. भूक लागणार कुठून?

दोन ते सहा या वयात नव्या पदार्थाची धास्ती बहुतेक मुलांना असते. ओळख व्हायला तो आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर यावा लागतो. आपण तिसऱ्याच वेळी "त्याला नाही आवडत" म्हणून मोकळे होतो. लाचेचं म्हणाल, तर पूर्वी मीही चांदण्यांचे तक्ते द्यायचे: भाजी खाल्ली की एक चांदणी चिकटवायची. तक्ता भरला की भाजी बंद! अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ लीन बर्च यांच्या १९८०च्या दशकातल्या प्रयोगांतही हेच दिसलं होतं: बक्षिसासाठी खाल्लेला पदार्थ मुलांना पुढे कमीच आवडतो.

या घराला मी आपल्याच ताटाची डावी बाजू सुचवली. तिथे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर चिमूट-चिमूट वाढतात; हवं तर घ्या, नाहीतर राहू द्या. नवा पदार्थ तिथे, लिंबाच्या फोडीएवढा. उजवीकडची भाजी ओळखीची आणि वरणभात रोजचा. दूध दोन पेल्यांवर, बिस्किटं जेवणाआधी बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. सगळे एकत्र बसणार. काय वाढायचं ते मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं ते त्यानं. आणि त्याच्या खाण्यावर कुणी चकार शब्द काढायचा नाही, शाबासकीसुद्धा नको.

आजींना हे शेवटचं फार जड गेलं. "उपाशी झोपेल हो लेकरू!" शेवटी त्यांनीच तोड काढली: जेवण उरकलं की तोंडात लवंग धरून बसायचं. मला ही युक्ती इतकी आवडली की आता मी ती इतर घरांनाही सांगते.

पहिले दहा दिवस गाजराची कोशिंबीर जशीच्या तशी परत गेली. मग त्यानं एक कीस उचलून हुंगला, जिभेला लावला, पुन्हा ठेवला. आईचा हात फोनकडे गेला होता, फोटो काढायला, तिनं आवरला.

मेथी अजून खात नाही. पडवळाची चकती बोटात अंगठीसारखी घालून बसतो, एवढीच प्रगती. पण सातव्या आठवड्यात आजींचा फोन आला. "आज त्यानं माझ्या ताटातली कोशिंबीर घेतली, दोनदा. मी काही बोलले नाही हं. लवंग मात्र चावली गेली."