‘मी फक्त चेकिंग करायचो, मॅडम’

"शंभरच्या वर ठिकाणी रेझ्युमे पाठवला, मॅडम. नाही म्हणायलासुद्धा कुणाचा फोन नाही." सातपूरची मुलगी असो, सिडकोतला मुलगा असो की सिन्नरहून येणारा कुणी, हे वाक्य नाशकात नोकरीच्या सल्ल्याला येणाऱ्यांकडून मी इतक्यांदा ऐकलंय की आता समोरच्याची मान खाली गेली की पुढचे शब्द कळतात. म्हणून एका मुलाबद्दल लिहिते. ओळख कळू नये इतपत तपशील बदललेत, आणि पाच-सहा भेटींतलं बोलणं थोडक्यात आणलंय.

वय २६, मेकॅनिकल डिप्लोमा, नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीत एका व्हेंडरकडे, म्हणजे मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यात, तीन वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर. ऑर्डरी घटल्या, कंत्राट संपलं, त्याला सात महिने होऊन गेले. गावी द्राक्षबागेचं कर्ज, घरात लग्नाची बोलणी.

"माझ्यात काहीतरी कमी आहे, हे आता पक्कं झालं."

"कुणी म्हटलं तसं?"

"कुणीच काही म्हणत नाही ना, मॅडम. त्यावरूनच कळतं."

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती मी मानते. तिचं एक सांगणं मला फार मोलाचं वाटतं: घडलं काय आणि आपण त्याचा अर्थ काय लावला, हे दोन वेगळे कप्पे आहेत. घडलं एवढंच होतं की फोन आला नाही. ‘मी कुचकामी’ हा अर्थ त्यानं घरी बसून लावला होता. मग फोन न येण्याचं कारण कागदावर सापडतं का ते बघू म्हटलं, आणि पुढच्या भेटीला रेझ्युमे मागवला.

चार पानं. वर ‘आव्हानात्मक पद मिळवून संस्थेच्या प्रगतीला हातभार लावणे’ हे उद्दिष्ट, जे त्रिमूर्ती चौकातल्या टायपिंगच्या दुकानात प्रत्येकाला त्याच शब्दांत मिळतं. मग वडिलांचं नाव, जात, धर्म, वैवाहिक स्थिती, छंद, शेवटी प्रतिज्ञापत्र आणि सही. तीन वर्षांच्या कामाला तिसऱ्या पानावर एक ओळ: ‘तपासणीची जबाबदारी सांभाळली.’ हा कागद त्यानं पुण्यातल्या बँकेला, चाकणच्या कारखान्याला आणि डेटा एन्ट्रीला, सगळीकडे तसाच धाडला होता.

शिवाय सही हवी म्हणून प्रिंट काढून, सही करून ती पुन्हा स्कॅन केलेली. पीडीएफ दिसत होती छान, पण आत अक्षरं नव्हती, नुसता फोटो होता. मोठ्या कंपन्या आणि नोकरीच्या साइट आधी सॉफ्टवेअरनं शब्द शोधतात. फोटोतले शब्द वाचता आले नाहीत तर त्या शोधात हे नाव वर येणारच नाही. घरी करून बघण्यासारखी परीक्षा आहे: पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडा, कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. काहीच उमटलं नाही किंवा ओळी एकमेकींत घुसल्या, तर त्या सॉफ्टवेअरलाही बहुधा तेच दिसतंय. दोन रकान्यांचे रंगीत नमुने आणि कौशल्य किती ते दाखवणाऱ्या पट्ट्या इथेच मार खातात.

हे ऐकून त्याला थोडं हायसं वाटलं. पण माझ्या मते खरी अडचण फाइलची नव्हती, त्या एका ओळीची होती. तिसऱ्या भेटीत मी रेझ्युमे बाजूला ठेवला.

"सेकंड शिफ्टचा एखादा दिवस सांग. गेटमधून आत गेल्यापासून."

"मी फक्त चेकिंग करायचो, मॅडम."

"कशाचं?"

"ॲल्युमिनियमचे हाउसिंग. बोअरचा, म्हणजे आतल्या भोकाचा, साइज बघायचा, बोअर गेजनं. तासाला पाच नग."

"मग गडबड कधी व्हायची?"

तो पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकला. "जेवणाच्या सुट्टीनंतर. अर्धा तास मशीन बंद राहिलं की स्पिंडल, म्हणजे मशीनचा फिरणारा दांडा, गार होतं, पहिल्या चार-पाच नगांचा साइज दहा-पंधरा मायक्रॉननं हलतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आधी ऑपरेटरवर खापर फुटायचं. मी पंधरा दिवस रिजेक्शनची, म्हणजे नग बाद होण्याची, वेळ वहीत लिहिली, तेव्हा लक्षात आलं. मग सुट्टी संपायच्या आधी मशीन थोडं मोकळं फिरवायचं आणि पहिले दोन नग मोजूनच पुढे जायचं, असं ठरवून घेतलं. शिफ्टला आठ-दहा नग जायचे, ते दोन-तीनवर आले."

मी थोडा वेळ काही बोलले नाही. मग विचारलं, "हे रेझ्युमेत कुठं आहे?"

"हे लिहितात? हे तर माझं कामच होतं ना!"

त्या क्षणी मला उलगडा झाला, आणि तेव्हापासून प्रत्येक रेझ्युमे मी त्याच नजरेनं वाचते. जो स्वतःला ‘फक्त’मध्ये मोजतो, त्याला केलेलं काम दिसत नाही, आणि न दिसलेलं काम कागदावर येत नाही. मग रिकामी जागा उद्दिष्टानं आणि छंदांनी भरली जाते. अशा मुलाला नवा नमुना देऊन भागत नाही, आधी त्याला स्वतःचं काम मोजायला बसवावं लागतं.

बसवलं. प्रत्येक कामासाठी चार गोष्टी: काय केलं, कशावर, किती, आणि त्यानं काय बदललं. आकडा असा हवा की मुलाखतीत विचारलं तर कसा काढला ते सांगता येईल. नक्की आठवत नसेल तर ‘आठ ते दहा’ असं लिहावं, फुगवू नये. दोघांनी मिळून केलं असेल तर ‘टीमसोबत’ हा शब्द सोडू नये. त्याची ओळ अशी झाली (सीएनसी बोअरिंग म्हणजे संगणकानं चालणाऱ्या मशीनवर बोअर कोरणं): ‘सीएनसी बोअरिंगमध्ये सुट्टीनंतरच्या रिजेक्शनचं कारण शोधलं, वॉर्म-अप आणि पहिल्या दोन नगांची तपासणी सुरू करून शिफ्टचं रिजेक्शन ८–१० वरून २–३ नगांवर.’ अशा पाच ओळी निघाल्या. इंग्रजीत लिहिताना वाक्यं छोटी ठेवली, जी त्याला स्वतःला बोलता येतील.

एकच पान, पाच वर्षांपर्यंतच्या अनुभवाला तेवढं पुरतं. वर नाव, मोबाइल, राहण्याचा भाग, साधा ईमेल. खाली दोन ओळींत पद, वर्षं, हाताळलेली मोजमापाची साधनं. लगेच काम, मग शिक्षण. जात, धर्म, आधार-पॅन नंबर, सही, सगळं काढलं. सात महिन्यांची पोकळी लपवायची त्याची फार इच्छा होती. मी नको म्हटलं: तारखा जुळत नाहीत हे वाचणाऱ्याला दिसतंच. ‘ऑर्डर घटल्याने कंत्राट संपले’ एवढं सरळ लिहिलं.

नंतर जाहिरात समोर ठेवायची. तिच्यात दोनदा-तीनदा आलेले शब्द अधोरेखित करायचे आणि त्यातले जे आपल्याला खरंच येतात ते त्याच शब्दांत रेझ्युमेत आणायचे. ‘इन-प्रोसेस इन्स्पेक्शन’, म्हणजे काम चालू असतानाची तपासणी, मागितलं असेल तर नुसतं ‘चेकिंग’ लिहू नये. आठवड्याला चाळीसऐवजी आठ अर्ज, जाहिरात आल्यापासून दोन-तीन दिवसांत. ईमेल कोरा पाठवायचा नाही. विषयात पद, अनुभव आणि कधी रुजू होता येईल ते, आत चार-पाच ओळी. आठ-दहा दिवसांनी एकदा विचारणा, मग विषय सोडायचा. आणि गेटपास किंवा नोंदणीसाठी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही नाही.

वहीची त्याला सवय होतीच. तीच अर्जांना लावली. तारीख, कंपनी, पद, कुठला रेझ्युमे, काय झालं. फोनच येत नसतील तर दोष रेझ्युमेत किंवा पदाच्या निवडीत. फोन येऊन पुढे बोलावणं नसेल तर पगाराच्या अपेक्षेत किंवा फोनवरच्या बोलण्यात. मुलाखतीपर्यंत जाऊन अडत असेल तर मुलाखतीची तयारी करायची. तेव्हा रेझ्युमे पुन्हा पुन्हा बदलत बसू नये.

नवीन रेझ्युमेवर एकवीस अर्ज गेले. तीन फोन आले, दोन ठिकाणी मुलाखत. एकीकडे पगारावर अडलं. दुसरीकडे, सिन्नरला, क्वालिटीच्या साहेबांनी बाकी काही न विचारता त्या बोअरिंगच्या ओळीवर बोट ठेवलं. यानं कागद मागून घेतला आणि स्पिंडलचं चित्र काढून समजावलं. रुजू झाल्यावर भेटायला आला तेव्हा धाकट्या चुलतभावाला सोबत आणलं होतं. तो आयटीआय फिटर. खुर्चीत बसता बसता म्हणाला, "माझं काही नाही मॅडम, मी फक्त मेंटेनन्सला हाताखाली होतो." दादानं त्याच्याकडे वळून विचारलं, "कुठल्या मशीनच्या?"