ग्राफिक्स कार्डचा फॅन काढून नुसता हीटसिंक लावला तर डेस्कटॉप शांत होईल का?

तुमचा प्रश्न असा: रात्री काम करताना ग्राफिक्स कार्डचा फॅन डोकं उठवतो, तो काढून मोठा फॅनलेस हीटसिंक (चिपची उष्णता हवेत सोडणारा धातूचा ठोकळा) बसवला तर कॉम्प्युटर पूर्ण शांत होईल का, आणि कार्डाला धोका आहे का. कार्ड कोणतं ते तुम्ही लिहिलं नाही. गाव कोणतं तेही लिहिलं नाही, आणि मला विचाराल तर कार्डाच्या आधी गाव सांगायला हवं होतं.

मी नागपूरचा. लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो, अल्बम लावतो. काम घरीच, आणि घरातल्या ज्या खोलीत माझं टेबल आहे त्याच खोलीत आईची खाट आहे. दिवसा फोन, गिऱ्हाईक, नवरीच्या मामाच्या दुरुस्त्या; रेंडर, म्हणजे एडिट केलेल्याचा पक्का व्हिडिओ बनवणं, लावायचं ते रात्री अकराच्या पुढे. माझं जुनं कार्ड एका छोट्या फॅनचं होतं. रेंडर सुरू झालं की तो फॅन चढायचा, जरा थंड झालं की उतरायचा, पुन्हा चढायचा. जानेवारीतल्या एका रात्री आई उठून बसली आणि म्हणाली, "उन्हाळाभर कूलर चालते तं झोप लागते मले. हे मशीन रडून राहिलं."

आवाजाबद्दल यापेक्षा नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही. आमचा लोखंडी कूलर सुरू केला की शेजारच्यांना टीव्ही मोठा करावा लागतो, पण तो एका सुरात घोंगावतो, कान पाच मिनिटांत त्याला विसरतात. चढउतार करणारा बारीक आवाज कान विसरत नाहीत. तेव्हा काहीही विकत घेण्याआधी फॅनचा वेग एका जागी बांधून पाहा. आफ्टरबर्नर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये तापमानाप्रमाणे फॅनचा वेग ठरवणारी रेघ असते, ती आडवी करायला दोन मिनिटं लागतात. अर्ध्या लोकांचं काम तिथेच भागतं. माझंही भागलं असतं, पण मला साडू आहेत.

साडू पुण्याचे. वयानं मोठे, इंजिनिअर, आणि कॉम्प्युटर शांत करण्याच्या नादात फार जुने. झालमन कंपनीचे ते दोन अॅल्युमिनियमच्या पाट्या आणि मधून हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) असलेले, ग्राफिक्स कार्डाचे कूलर २००३ च्या आसपास मिळायला लागले, तेव्हापासून ते या पंथात आहेत. त्यांच्याकडे जीटीएक्स १६५० चं फॅन नसलेलं कार्ड होतं. ७५ वॅटचं, वेगळी पॉवर केबल न लागणारं, दोन स्लॉट खाऊन वर सगळे फिन्सच फिन्स, म्हणजे धातूच्या पातळ पात्या. त्यांनी नवीन घेतलं आणि २०२१ च्या फेब्रुवारीत जुनं मला दिलं. "घ्या साडूभाऊ, आईंना झोप लागेल. यात बिघडण्यासारखं काही हलतच नाही."

लावलं, आणि खरंच, खोलीत भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. खोलीत २७ अंश, कार्ड पूर्ण लोडवर ७१. आई झोपली. मी जो भेटेल त्याला सांगत सुटलो. बर्डीवरच्या माझ्या नेहमीच्या दुकानदारालाही सांगितलं. तो फक्त म्हणाला, "मे लागू दे भाऊ." मी त्याला जुन्या वळणाचा माणूस समजलो.

मग मे लागला. लग्नसराईही तेव्हाच असते, म्हणजे कामाचा डोंगर आणि उन्हाचा डोंगर एकाच महिन्यात. रात्री पुरेना म्हणून रेंडर दुपारी लावायला लागलो. खोलीत ३९. कार्ड ९१. ग्राफिक्स कार्ड इतकं तापलं की जळत नाही, आपला वेग आपणच कमी करत जातं. चाळीस मिनिटांचं काम सव्वा तासावर गेलं. एकदा तर डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी विदाईच्या गाण्यावर स्क्रीन काळी झाली ती झालीच. नवरीकडचे सकाळी दारात.

साडूंना फोन केला. ते म्हणाले, पेस्ट नीट लावली नसेल. पेस्ट म्हणजे चिपची उष्णता हीटसिंकला नीट जावी म्हणून दोघांच्या मध्ये लावतात ती.

आता हे नीट ऐका, कारण मी उत्तर लिहायला बसलो ते यासाठीच. कार्ड मी त्यांच्या हातून जसंच्या तसं घेतलं होतं, पेस्ट त्यांनीच लावलेली. तरी मोठ्या माणसाचं मन राखायचं म्हणून उघडलं. हीटसिंकचे चार स्क्रू, प्रत्येकाला बारीकशी स्प्रिंग. जुनी पेस्ट कापसानं आणि स्पिरिटनं पुसली, नवी मुगाच्या दाण्याएवढी ठेवली, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे कसत आणले. तापमान ९०. फोन. "पुन्हा लावा, जास्त झाली असेल." पुन्हा उघडलं. या वेळी एक स्क्रू स्प्रिंगसकट उडाला आणि देवघराखाली गेला. मी टॉर्च घेऊन अर्धा तास पालथा पडलेलो, आणि आईनं झाडू फिरवून एका झटक्यात बाहेर काढला, कापराच्या वडीसोबत. तापमान ९०.

मग म्हणाले धूळ असेल. मग म्हणाले तुमच्या कूलरच्या पाण्यानं फिन्सवर क्षार बसला असेल. क्षार नव्हता. खसच्या ताटीच्या दोन काड्या निघाल्या, ते मात्र कबूल करतो.

गणित काही अवघड नाही. हीटसिंक उष्णता नाहीशी करत नाही, हवेला देतो. आतले हीटपाइप म्हणजे बंद तांब्याच्या नळ्या, हवा काढून आत थोडंसं पाणी. गरम टोकाला त्याची वाफ होते, गार टोकाला पुन्हा पाणी होतं, आणि असं करत ती ऊब चिपपासून फिन्सपर्यंत जाते. तिथून पुढचं काम हवेचं. ७५ वॅट बाहेर टाकायला माझ्या त्या कार्डाला आजूबाजूच्या हवेपेक्षा सुमारे ४४ अंश वर जावं लागायचं. पुण्यात खोली २५, कार्ड ६९. फेब्रुवारीत नागपुरात २७, कार्ड ७१. मे महिन्यात ३९ आणि ४४, म्हणजे ८३ तिथेच झाले. पेस्ट देवानं येऊन लावली तरी ८३. आणि हे घरातलं तापमान सांगतोय. बाहेर नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ नोंदलं गेलं आहे, आणि नवतपा, म्हणजे २५ मेपासूनचे नऊ तापाचे दिवस, सुरू झाला की विटांची भिंत रात्री दोनलाही हाताला गरम लागते.

हे साडूंना पटत नाही. २०२४ च्या मे महिन्यात शहरातल्या एका स्वयंचलित तापमापकानं ५६ दाखवलं आणि तो सेन्सरचा दोष निघाला, तर ती बातमी त्यांनी मला पाठवली, खाली एवढंच लिहून: "तुमच्याकडचे आकडे."

असो. इलाज काय केला ते सांगतो. १२० मिलिमीटरचा साधा कॅबिनेट फॅन घेतला, दोन केबल टायनी कार्डाच्या फिन्सखाली तोंड वर करून बांधला, मदरबोर्डच्या फॅन पिनेवर जोडला आणि बायोसमधून (मदरबोर्डच्या सेटिंगमधून) मिनिटाला ६०० फेऱ्यांवर कायमचा ठेवला. कार्ड ९० वरून ७२ वर. आवाज? कान कॅबिनेटला लावला तर येतो. फॅनचे फेरे अर्धे केले की आवाज साधारण १५ डेसिबल उतरतो. म्हणून छोटा आणि पळणारा फॅन नको, मोठा आणि डुलणारा हवा. स्थिर हवेला नुसतं हलकं ढकललं तरी फिन्सना पुरतं. साधा टॉवर कॅबिनेट असेल तर कार्ड आडवं बसतं, फिन्स खालच्या बाजूला, आणि गरम हवा वर चढताना कार्डाच्याच पाटीला अडते. तिला वाट काढून देणारं कुणीतरी लागतं, एवढंच. फॅन नकोच असेल तर कॅबिनेट आडवा निजवून पाहा, कार्ड उभं होतं आणि हवा फिन्समधून सरळ वर जाते. माझ्याकडे त्यानं चार अंश उतरले, पण मग त्यावर आई चष्मा आणि डबा ठेवायला लागली.

साडूंना फोटो पाठवला. उत्तर आलं: "मग ते फॅनलेस कुठे राहिलं?" नाही राहिलं. मला फॅनलेस कॉम्प्युटर नको होता, आईला झोप हवी होती. या छंदातले लोक एका टप्प्यानंतर शांततेऐवजी शून्य फॅनचा सोवळेपणा पाळायला लागतात.

तुमच्यासाठी सांगायचं तर, कार्ड ७५ वॅटपर्यंतचं असेल, म्हणजे ३० वॅटचं जीटी १०३० किंवा माझ्यासारखं १६५०, तर फॅनलेसचा विचार करा. ४०६० सारखं ११५ वॅटचं किंवा ३०६० सारखं १७० वॅटचं असेल तर फॅन काढायच्या भानगडीत पडू नका. ४५० वॅटच्या ४०९० वाल्यानं तर हा प्रश्नच वाचू नये. त्याऐवजी कमी लोडवर फॅन आपोआप बंद ठेवणारं कार्ड घ्या, पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा. वेग थोडाच जातो, उष्णता त्या मानानं बरीच जाते. आणि स्वतः हीटसिंक बदलायचाच असेल तर नुसती मधली चिप झाकून भागत नाही. बाजूच्या मेमरी चिपांना आणि पॉवरच्या भागाला छोटे हीटसिंक चिकटवावे लागतात, नाहीतर मधलं तापमान छान दिसतं आणि कार्ड कडेनं मरतं. वॉरंटी जाते हे धरूनच चाला. पूर्ण शांत तर होणारच नाही. कार्ड गप्प झालं की एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचा फॅन ऐकू येतो, तो झाला की हार्ड डिस्कची घरघर. मी डिस्क काढून एसएसडी टाकली तेव्हा कुठे घड्याळाची टिकटिक पुन्हा आली, आणि आता आई म्हणते त्या घड्याळाचं काही कर.

कूलरसमोर कॅबिनेट ठेवून काम भागवता येईल असं वाटत असेल तर ठेवू नका. खोलीचं तापमान कूलरनं उतरतं, ते चांगलंच. पण थेट झोतात पाण्याचे थेंब येतात.

एक गोष्ट राहिली. त्या मे महिन्यात माझा कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या लाकडी कप्प्यात होता, तीन बाजूंनी बंद. तो बाहेर काढल्यावर पाच अंश तिथेच कमी झाले. हे मी फॅन बांधायच्या दिवशी केलं आणि साडूंना अजून सांगितलेलं नाही. पण पाच म्हणजे पाच. ९० चे ८५ झाले, आणि मग फॅननं ८५ चे ७२. ती ८५ नागपूरची.

त्याच वर्षी डिसेंबरात आम्ही पुण्याला गेलो तेव्हा साडूंनी कार्ड सोबत आणायला लावलं. केबल टाय त्यांनी स्वतः कापले, त्यांच्या कॅबिनेटमध्ये लावलं, अर्धा तास लोडवर ठेवलं. ६९. सगळ्यांना हाक मारून बोलावलं, बायकोसमोर मला म्हणाले, "बघा, कार्डात काही दोष नाही. दोष तुमच्याकडे आहे." मी म्हणालो, "बरोबर आहे, पण त्यावरची पेस्ट माझी आहे." माझ्या हातानं लावलेली, तीच, देवघराखालच्या स्क्रूसकट. पेस्ट चुकली असती तर पुण्यातही ६९ आलं नसतं. ते चहा घ्यायला आत गेले आणि विषय संत्र्यांवर नेला.

त्यानंतर दरवर्षी मी त्यांना २५ मेनंतर या म्हणतो, कार्ड स्वतः तपासून जा. ते डिसेंबरात येतात.

तुम्ही पुण्याचे असाल तर यातलं निम्मं सोडून द्या आणि फॅन खुशाल काढा. फक्त नंतर ते कार्ड नागपूरच्या साडूला देऊ नका.