माउंटन बाइकच्या हँडलची रुंदी किती असावी? 780 मिमीचं हँडल कापावं का?

तुम्ही लिहिलंय की उंची 5 फूट 6 इंच, नवी हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल) घेतली, तिला 780 मिमीचं हँडल आलं आणि तासाभरात खांदे भरून येतात. दुकानदार म्हणतो आजकाल हेच चालतं, मित्र म्हणतो सरळ कापून 680 कर. मी असतो तर दोघांचंही ऐकलं नसतं. तुमचा आकडा बहुधा 740 च्या आसपास निघेल, पण करवतीला हात लावण्याआधी ग्रिप आत सरकवून चालवून बघा.

मित्राचा 680 चा आकडा जुन्या सायकलींवरून आलाय. नव्वदच्या दशकात माउंटन बाइकला 560-600 मिमीचं हँडल आणि 120-130 मिमीचा लांबलचक स्टेम (हँडल ज्यात बसतं तो पुढचा जोडतुकडा) सर्रास असायचा, पुढचं चाक धरणारा फोर्कही बराच उभा. आता स्टेम 35 ते 50 मिमीवर आलाय, फोर्क पुढे झुकलाय आणि फ्रेम लांब झालीय. अशा सायकलीचं पुढचं चाक सावकाश चढावर आपोआप एका बाजूला पडायला बघतं, आणि ते धरून ठेवायला हाताला तरफ लागते. 680 च्या हँडलवर स्टेमपासून टोकापर्यंत 340 मिमी मिळतात, 760 वर 380. म्हणजे तेवढ्याच जोरात जवळपास 12 टक्के जास्त तरफ. मुरमाड उतारावर दगडाने चाक झटकलं की हा फरक लगेच कळतो. तेव्हा आजच्या सायकलीला एकदम 680 करू नका, ती चिडकी वाटायला लागेल.

पण कंपन्या बहुतेक वेळा छोट्या फ्रेमला आणि मोठ्या फ्रेमला एकच हँडल लावतात. ज्याला जास्त वाटेल तो कापून घेईल, हा हिशेब. सहा फुटी माणसाला बरोबर बसणारं 780 तुमच्या अंगाला जास्त होणारच. हात फाकले की छाती पुढे ओढली जाते, कोपरं सरळ होतात आणि सगळे हादरे थेट खांद्यात जातात. ढोबळ हिशेब असा की हँडल 20 मिमीने रुंद झालं तर स्टेम 10 मिमीने लांब केल्यासारखं अंगाला जाणवतं.

आकडा काढायचा सोपा उपाय म्हणजे जोर (पुश-अप) काढायच्या स्थितीत जमिनीवर या. विचार न करता जिथे हात सर्वात भक्कम वाटतात तिथे ठेवा आणि कुणाला तरी एका तळव्याच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत मापायला सांगा. तळव्यांच्या मधून मापलं तर आकडा कमी येतो. दुसरा एक ठोकताळा आहे: उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले 4.4. तुमचे 168 धरले तर 739 येतात. पण या सूत्राला खांदे दिसत नाहीत. त्याच उंचीच्या आखाड्यात तयार झालेल्या गड्याला 760 सुद्धा आरामात चालेल. म्हणून मी सूत्र फक्त आपण फार भरकटलो नाही ना, एवढं बघायला वापरतो.

आता चाचणी. आधी ब्रेक लिव्हर आणि गिअर बदलायच्या शिफ्टरचे स्क्रू सैल करून ते आत घ्या, मग ग्रिपचा ॲलन स्क्रू सोडून दोन्ही ग्रिप 10-10 मिमी आत सरकवा. झाली 760 ची रुंदी, न कापता. ग्रिपचं टोक बंद असेल तर हे जमणार नाही. मग टोकं उघडी असलेल्या साध्या ग्रिप तेवढ्यापुरत्या घाला. हँडलची नळी ग्रिपबाहेर डोकावत असेल, तेव्हा त्या फेरीला झाडीत शिरू नका, आणि टोकाचे प्लग लावूनच निघा. एकच वाट निवडा, जिच्यात चढ, उतार आणि एखादं आवळ वळण आहे, आणि प्रत्येक रुंदीला तीच फिरा.

लक्ष हातांकडे ठेवा. लांब चढावर तळवे आपोआप ग्रिपच्या आतल्या बाजूला, लिव्हरकडे सरकत असतील तर हँडल अजून रुंद आहे. उलट करंगळी ग्रिपच्या बाहेर लोंबायला लागली तर फार आत आलात. आवळ वळणावर बाहेरच्या बाजूचा हात पूर्ण ताठ होतो का तेही बघा. ताठ झाला तर तिथे सायकल वळवायला हातच उरत नाही.

वाट कुठली यावरही आहे. पुण्यातल्या वेताळ टेकडीसारख्या ठिकाणी गिरिपुष्पाच्या खोडांमधून पायवाट जाते, तिथे 800 च्या हँडलने बोटांची सालं निघतात. माझं ठाम मत आहे की आपल्या टेकड्यांवर रोज चालवणाऱ्या मध्यम उंचीच्या माणसाला 780 च्या वर काहीही लागत नाही. ते मोठ्या उतारांवर वेगात सुटणाऱ्यांचं काम.

एक मात्र आधी तपासा: खांदेदुखी दरवेळी रुंदीचीच नसते. सीटचं नाक खाली झुकलं असेल तर अंगाचा भार हातांवर येतो. हँडल स्टेममध्ये पुढे किंवा मागे फिरलेलं असेल तर मनगट वाकडं पडतं. बोटांना मुंग्या येत असतील तर मी आधी हीच दोन ठिकाणं बघतो. स्टेमचे पुढचे चार स्क्रू परत आवळताना स्टेमवर लिहिलेलाच टॉर्क (आवळण्याचा जोर) द्या, बहुतेकांवर 5-6 न्यूटन मीटर असतो.

कापायचंच ठरलं तर दोन्ही बाजूंनी सारखं आणि एका वेळी 5 मिमीपेक्षा जास्त नाही. टोकाशी बऱ्याचदा मापाच्या खुणा छापलेल्या असतात, त्या वापरा. ॲल्युमिनियमला प्लंबरचा पाईप कटर छान चालतो, फक्त कापल्यावर कडेला बारीक ओठ उठतो. तो कानशीने घासला नाही तर ग्रिप आत जात नाही आणि आपण उगाच ग्रिपला दोष देतो. कार्बन असेल तर पाईप कटर अजिबात नको. टेप गुंडाळा, बारीक दातांची करवत घ्या, पाणी मारत कापा, तोंडाला मास्क लावा, आणि त्या हँडलला कंपनीने किमान किती रुंदी ठेवायला सांगितलीय ते आधी वाचा. शेवटी टोकांना प्लग हवेतच. पडल्यावर उघडी नळी मांडीत घुसते.