वाचक विचारतात : मुलगा लुसाकाला निघालाय, बातम्या बघून पोटात गोळा येतो

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही दांडिया बाजारात राहतो. माझा मुलगा मकरपुऱ्याला ट्रान्सफॉर्मरच्या कंपनीत आहे, आता त्याला दोन वर्षांसाठी झांबियाला, लुसाकाला पाठवतायत. पगार चांगला आहे, तो खूश आहे, पण नातेवाईकांचे फोन थांबत नाहीत, आफ्रिकेत कुठे पाठवतेस गं, तिकडे नुसत्या मारामाऱ्या आणि रोगराई. मी पण मोबाईलवर आफ्रिका टाकून बघितलं तर सुदानचं युद्ध, काँगो, इबोला, उपाशी मुलं, हेच. पाठवू का नको? — एक आई, बडोदा

उत्तर : ताई, पाठवा. काळजी करू नका असं म्हणणार नाही, आईला ते जमत नाही, पण काळजी लुसाकाची करा, सुदानच्या राजधानीची, खार्तूमची नको. सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून जे चाललंय ते भयंकर आहे, एक कोटीहून जास्त लोकांना घरदार सोडावं लागलंय, पण खार्तूमपासून लुसाका साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास लांब आहे. आपल्या बडोद्यापासून काबूल त्याच्या निम्म्यापेक्षाही जवळ पडतं, म्हणून काबूलला बॉम्ब फुटले की अलकापुरीतल्या दुकानांची शटरं खाली येतात का? आफ्रिकेत ५४ देश आहेत, भारताच्या नऊ पटींहून मोठा पसारा आहे, आणि बातमीत तो सगळा एकाच नावाखाली येतो. २०१४ साली इबोला पसरला तो मुख्यतः पश्चिमेकडच्या गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये, पण लोकांनी पूर्वेकडच्या केनिया-टांझानियाच्या सफारी कॅन्सल केल्या. सिएरा लिओनपासून टांझानियापेक्षा स्पेन जवळ आहे.

आता हे असं का होतं ते सांगते. आपल्या बहुतेक चॅनलांची, पेपरांची तिकडे स्वतःची माणसं नाहीत. बातमी येते लंडन, पॅरिस, न्यूयॉर्कच्या एजन्स्यांकडून, त्यांचा नैरोबी किंवा जोहान्सबर्गला बसलेला माणूस आजूबाजूचे कितीतरी देश सांभाळतो आणि जिथे आग लागली तिथे पळतो. आणि तिकडच्या संपादकांचं लक्ष कधी जातं, तर दुष्काळ पडला, साथ आली, नाहीतर त्यांच्या देशाचं काही अडलं तर. माली, बुर्किना फासो, नायजर या तीन देशांतून २०२२-२३ मध्ये फ्रेंच सैन्याला निघावं लागलं, तेव्हाच्या मथळ्यांत काय होतं, फ्रान्स हरला आणि रशिया घुसला. अरे पण तिथले लोक रस्त्यावर का उतरले होते? त्यांचं चलन, सीएफए फ्रँक, १९४५ पासून फ्रान्सशी बांधलेलं, वर्षानुवर्षं परकीय गंगाजळीचा निम्मा भाग फ्रेंच तिजोरीत ठेवायला लागायचा, हा राग कितीतरी जुना आहे. तो बातमीच्या तळाशी एका ओळीत यायचा, आला तर. म्हणजे पट त्यांच्या जमिनीचा आणि सोंगट्या हलवणारे बाहेरचे, असंच चित्र आपल्यापर्यंत पोचतं.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो नोव्हेंबर २०२१ चा. दक्षिण आफ्रिका आणि बोट्स्वानाच्या शास्त्रज्ञांनी कोरोनाचा नवा प्रकार, ओमिक्रॉन, ओळखला, लपवाछपवी न करता जगाला सांगितलं, तर काही दिवसांत युरोप-अमेरिकेने दक्षिणेकडच्या सगळ्या शेजारी देशांसकट त्यांच्यावर प्रवासबंदी घातली. तोवर तो युरोपातही पोचला होता. इतकं चांगलं काम केलेल्या माणसांना हे फळ मिळालं आणि आपल्याकडे लक्षात राहिलं ते एवढंच की नवा व्हायरस आफ्रिकेतून आला.

तर लुसाका. झांबिया १९६४ ला स्वतंत्र झाला, तिथे यादवी युद्ध कधीच झालेलं नाही. पहिले अध्यक्ष केनेथ काउंडा, गांधीजींना मानणारे, २७ वर्षं सत्तेत होते, १९९१ ला निवडणूक हरले आणि खुर्ची सोडून गेले. २०२१ मध्येही सत्तेतले अध्यक्ष हरले, विरोधी पक्षाचे हिचिलेमा आले, सत्ता शांतपणे बदलली. ही बातमी तुम्हाला कुणी दाखवली? अडचणी नाहीत असं नाही हं. २०२४ ला मोठा दुष्काळ पडला, देशाची बहुतेक वीज पाण्यावर, करिबा धरणाचं पाणी खाली गेलं, तासन्‌तास लोडशेडिंग झालं, तुमच्या मुलाचं काम तर याच विजेशी आहे. मलेरियाची काळजी घ्यायची, डॉक्टरांना आधी विचारून औषध न्यायचं. आणि एक गोष्ट तुम्हाला आवडेल, तिथे इंडो-झांबिया बँक म्हणून मोठी बँक आहे १९८४ पासूनची, तिच्यात आपल्या बँक ऑफ बडोदाचा हिस्सा आहे, सयाजीराव महाराजांनी १९०८ ला काढलेली तीच. चरोतरच्या पटेलांपैकी कुणाचे ना कुणाचे नातेवाईक तिकडे असतातच, नातेवाईकांच्या फोनपेक्षा त्यांना एक फोन करा.

प्रश्न : चीनने आफ्रिकेला कर्जाच्या सापळ्यात अडकवलंय असं सगळीकडे वाचतो, कॉलेजात यावर निबंध लिहायचाय. खरं आहे का? — एक विद्यार्थी, फतेहगंज

उत्तर : अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं कुणी लिहीत नाही. वरच्या ताईंमुळे झांबियाचंच उदाहरण घे. १९६० च्या दशकात तांबं समुद्रापर्यंत न्यायला त्यांना ऱ्होडेशियातून, म्हणजे आताच्या झिंबाब्वेतून, जायचं नव्हतं, तिथे गोऱ्यांची राजवट होती. रेल्वेसाठी वर्ल्ड बँक आणि पाश्चात्त्य देश नाही म्हणाले, चीनने बिनव्याजी कर्ज दिलं आणि टांझानियाच्या दार-ए-सलाम बंदरापर्यंत १,८६० किलोमीटरची ताझारा रेल्वे बांधली. ती आठवण तिथे अजून आहे. पुढे मात्र चिनी कर्जं वाढत गेली, करारातल्या अटी गुप्त, हा दोष खराच. पण २०१२ ते २०१५ मध्ये झांबियाने बाजारातून ३०० कोटी डॉलरचे बाँड, म्हणजे कर्जरोखेही काढले, शेवटच्यावर व्याज जवळजवळ ९ टक्के, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये सहा महिने थांबा म्हटल्यावर बाँडवाल्यांनी नकार दिला, तेव्हा हप्ता चुकला आणि देश डिफॉल्ट झाला. ते बाँडवाले म्हणजे मुख्यतः पाश्चात्त्य फंड, त्यांना कुणी सापळा म्हणत नाही.

आता अमेरिका आणि युरोप अंगोलाच्या लोबितो बंदराकडे जाणाऱ्या रेल्वेत पैसे घालतायत, चीन ताझारा सुधारतोय, पेपरात येतं चीन विरुद्ध अमेरिका. झांबियाने दोघांनाही हो म्हटलंय, आपला माल दोन्ही समुद्रांकडे जावा म्हणून, हा त्यांचा निर्णय आहे आणि निबंधात तो यायला हवा. आणि भारतालाही सोडू नकोस. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका चिनी कंपनीच्या खाणीचा बांध फुटून झांबियाच्या काफुए नदीत विष गेलं, पण त्याआधी तिथल्याच चिंगोलाच्या गावकऱ्यांनी नदीच्या प्रदूषणावरून वेदांतावर, म्हणजे भारतीय उद्योगपतीच्या खाण कंपनीवर, थेट इंग्लंडमध्ये दावा लावला, २०१९ ला इंग्लंडच्या सुप्रीम कोर्टाने तो चालवायला परवानगी दिली आणि २०२१ ला जबाबदारी मान्य न करता तडजोड झाली. न्यूज डिगर्स नावाचा झांबियाचा पेपर ऑनलाइन इंग्रजीत मिळतो, आधी थोडे दिवस तो वाच आणि मग लिहायला बस.