पत्त्याची मर्यादा की हद्द?

प्रश्न धुळ्याहून आलाय. अभियांत्रिकीच्या मुलांना शिकवणाऱ्या एका ताई विचारतात: 'वेगवेगळ्या प्रोसेसरांवर मेमरी मॅपिंग (प्रोग्रामला मेमरीत पत्त्यानिशी जागा नेमून देणं) कुठल्या पत्त्यापर्यंत चालतं, हे मुलांकडून तपासून घेते. टिपण मराठीत लिहायचंय. पत्त्याची मर्यादा म्हणू की हद्द?'

ताई, दोन्ही शब्द लागतील, पण एकाच्या जागी दुसरा नको. किती ते मर्यादा सांगते, कुठपर्यंत ते हद्द सांगते. खान्देशातल्या कुठल्याही शेतकऱ्याला हा फरक समजावावा लागत नाही. १९६१ च्या सिलिंग कायद्याने किती जमीन बाळगता येते ती मर्यादा, आणि गावाचं शिवार जिथे संपतं ती हद्द.

तुमच्या प्रयोगात तर हा फरक पाळावाच लागेल, कारण लिनक्स ही संगणकप्रणाली तो पाळत नाही. एमएमॅपकडे (mmap, मेमरीत जागा मागायची लिनक्सची सोय) 'याच पत्त्यावर जागा दे' असा हट्ट धरला आणि पत्ता हद्दीपलीकडचा निघाला, की 'एनोमेम' (ENOMEM, 'मेमरी नाही') ही चूक हाती येते. यूलिमिट या आज्ञेने प्रोग्रामला घालून दिलेली मेमरी संपली तरी तीच चूक. मॅपिंगांची संख्या फार झाली (साधारणपणे ६५,५३० ला मुभा असते) तरीही तीच. मुलांनी तिन्हींपुढे 'मर्यादा ओलांडली' लिहिलं तर नकार कशामुळे मिळाला हे वाचणाऱ्याला कळणार नाही. म्हणून हद्द शोधताना एकाच पानाची (मेमरी ज्या ठराविक तुकड्यांत वाटली जाते त्यांपैकी एकाची) जागा मागायला सांगा, म्हणजे मर्यादा मध्ये येणार नाही. हट्ट न धरता पत्ता नुसता सुचवला, तर कर्नल (लिनक्सचा गाभा) दुसरीकडे कुठेतरी जागा देऊन मोकळा होतो, चूक येतच नाही. अशा वेळी परत आलेला पत्ता ताडून बघायलाच हवा.

'प्रोसेसरची हद्द' हा शब्दप्रयोगही मला खटकतो. ३२ बिटी एक्स८६ जातीच्या प्रोसेसरवर पत्त्यांच्या नेहमीच्या वाटणीत खालचे ३ जीबी प्रोग्रामचे आणि वरचा १ जीबी कर्नलचा. ही रेघ कर्नलने आखलेली आहे. ६४ बिटी एआरएम प्रोसेसरवर कर्नल ३९ बिटांच्या पत्त्यांचा बांधला तर प्रोग्रामला ५१२ जीबी, ४८ बिटांचा बांधला तर २५६ टीबी. रिस्क-फाइव्ह प्रोसेसरच्या ३९ बिटी पद्धतीत प्रोग्रामच्या वाट्याला २५६ जीबी येतात. एक्स८६-६४ वर ४७ बिटं, म्हणजे १२८ टीबी, आणि त्यातलंही अगदी टोकाचं ४ केबीचं पान मिळत नाही. पाच पातळ्यांची पेजिंग (पत्त्यावरून मेमरीतलं पान शोधायची तक्त्यांची पद्धत) असलेल्या नव्या प्रोसेसरांवर हद्द बरीच वर सरकली, तरी प्रोग्रामने स्वतःहून उंच पत्ता सुचवल्याशिवाय लिनक्स ४७ बिटांच्या वर जात नाही. काही जुने प्रोग्राम पत्त्याच्या वरच्या बिटांत स्वतःच्या खुणा ठेवतात, त्यांची मोडतोड होऊ नये म्हणून ही काळजी. तेव्हा 'पत्त्यांची हद्द' म्हणा आणि प्रोसेसर व कर्नल दोन्हींची नोंद शेजारी ठेवा.

शून्याजवळच्या पत्त्यांना मात्र हद्दही म्हणू नका. तिथे साध्या प्रोग्रामला 'ईपर्म' (EPERM) ही चूक मिळते, म्हणजे जागा आहे पण परवानगी नाही. त्याला 'मनाई' हा सरळ शब्द आहे.

आणखी एक सुचवतो. 'हद्द' अरबीतून आलेला. संस्कृत 'सीमा'पासून आपल्याकडे 'शीव' झाला, मुंबईतलं शीव तेच. अ‍ॅड्रेस स्पेसला (प्रोग्रामला वापरता येणाऱ्या सगळ्या पत्त्यांना) 'पत्त्यांचं शिवार' आणि तिच्या टोकाला 'शीव' म्हटलं तर ही जोडी मुलांच्या तोंडी सहज बसेल. टिपणात वाक्य असं होईल: 'मागितलेला पत्ता शिवेपलीकडचा असल्याने एनोमेम, मेमरीची मर्यादा शिल्लक होती.'