दुबईची डेझर्ट सफारी: आईची कंबर दुखते, मुलीला गाडी लागते, तरी घ्यावी का?

तुमचा प्रश्न असा: फेब्रुवारीत दुबई, बरोबर पासष्टी ओलांडलेले आई-बाबा, बायको आणि सात वर्षांची मुलगी. आईंना कंबरेचं जुनं दुखणं, मुलीला घाटात हमखास गाडी लागते. टूरवाला म्हणतो डेझर्ट सफारी केली नाही तर दुबई बघितलीच नाही, आणि तुम्ही यूट्यूबवर त्या वाळूत उसळणाऱ्या गाड्या बघून धास्तावलात.

सफारी घ्या. फक्त पाचही जणांनी सगळं एकत्रच करायचं, हा हट्ट सोडा. मी शारजात राहतो. इथे थंडी पडली की गावाकडच्या पाहुण्यांचा सीझन सुरू होतो आणि बुर्ज खलिफाच्या खालोखाल प्रत्येकाला हेच करायचं असतं.

संध्याकाळची सफारी म्हणजे खरं तर एका तिकिटात दोन वेगळ्या गोष्टी. पहिली, ज्याला इथे सगळे ड्यून बॅशिंग म्हणतात ती: फोर-बाय-फोर गाडीतून वाळूच्या टेकड्यांवरून अर्धा-पाऊण तास वरखाली. दुसरी, कॅम्प: गालिचे, लोड, उंट, मेंदी, जेवण, नाच. पहिलीचा जीव छोटा, दुसरी तीन तास चालते. बऱ्याच कंपन्या वयस्कर माणसांना बॅशिंग टाळून कच्च्या पण सपाट रस्त्याने थेट कॅम्पवर सोडतात, पण हे बुकिंग करतानाच सांगावं लागतं. वाळूच्या तोंडाशी पोहोचल्यावर "आई नाही येणार" म्हणालात तर ड्रायव्हर तरी काय करणार? त्यांना तिथल्या दुकानात बसवून ठेवेल, नाहीतर "कुछ नहीं होगा माताजी" म्हणून आत घेईल. मला दुसऱ्याचीच जास्त भीती वाटते.

आता बॅशिंगमध्ये नेमकं काय होतं ते सांगतो, म्हणजे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

दुबईहून हत्ताकडे जाणाऱ्या रस्त्यावर लाहबाब नावाचा भाग आहे. शहरापासून साधारण तासाभरावर. तिथली वाळू लाल दिसते, कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा थर असतो म्हणून. डांबर संपतं तिथे सगळ्या गाड्या, म्हणजे बहुतेक टोयोटाच्या लँड क्रूझर नाहीतर निसानच्या पॅट्रोल, रांगेने थांबतात. ड्रायव्हर उतरून चाकाच्या व्हॉल्व्हला बोट लावतो, फुस्स आवाज येतो आणि एरवी पस्तीसच्या आसपास असलेला हवेचा दाब पंधरा-अठरापर्यंत खाली येतो. टायरच्या कडा बाहेर फुगतात, जमिनीला टेकणारा भाग लांबरुंद होतो. उंटाचं रुंद, मऊ पाऊल वाळूत रुतत नाही, त्यामागचं गणित हेच. ड्रायव्हर हे काम कसं करतो ते बघा. चारही चाकांना मीटर लावून बघणारा, मग आत येऊन प्रत्येकाचा पट्टा स्वतः ओढून बघणारा माणूस असेल तर निश्चिंत बसा.

वाळूची टेकडी दोन्ही बाजूंनी सारखी नसते. वारा येतो त्या बाजूचा चढ लांब आणि त्यातल्या त्यात घट्ट. पलीकडचा उतार तीस-चौतीस अंशांचा, भुसभुशीत. गाडी घट्ट बाजूने वेगात चढते. शेवटच्या काही फुटांत पुढच्या काचेतून फक्त बॉनेट आणि आकाश दिसतं, पलीकडे काय आहे ते कोणालाच दिसत नाही. चांगला ड्रायव्हर इथे ॲक्सिलरेटर सोडतो, माथ्यावर गाडी क्षणभर रेंगाळते, मग नाक खाली जातं आणि वाळूबरोबर सरळ घसरत उतरते. पोटात खड्डा पडतो तो इथे. हे दिसायला भयंकर, पण सरळ उतरणं त्या मानाने सुरक्षित असतं. धोका असतो तो आडव्या उतारावर, जिथे गाडी एका कुशीवर कलते. म्हणूनच या गाड्यांच्या आत लोखंडी पिंजरा, म्हणजे रोल केज, बसवलेला असतो. आत बसताना तो डोक्याशेजारी दिसला पाहिजे. दिसला नाही तर बसू नका, पैसे गेले तरी चालतील.

गाडी कधीकधी रुततेही. घाबरू नका, सगळे ताफ्यानेच जातात. ड्रायव्हर चाकामागची वाळू उकरतो, आपल्याच चाकोरीतून मागे येतो, नाहीच जमलं तर दुसरी गाडी पट्ट्याने ओढते. पोरांना हाच भाग सगळ्यात आवडतो.

आता आईंचं. यात मी डॉक्टरपणा करत नाही, पण कंपन्याही फॉर्मवर हेच लिहितात: पाठीचं, मानेचं, मणक्याचं दुखणं, हृदयविकार, नुकतंच झालेलं ऑपरेशन, गरोदरपण, यातलं काही असेल तर बॅशिंग नको. त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. धक्के समोरून नाही, खालून वर येतात, थेट मणक्यात. लोक एक गोष्ट मात्र विसरतात. आईंना बॅशिंगमधून वाचवतात आणि कॅम्पवर गेल्या गेल्या फोटोसाठी उंटावर बसवतात! उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो. माणूस एकदम पुढे फेकला जातो, मग पुढचे पाय उठतात तेव्हा मागे. बसतानाही तोच हिसका. धडधाकट माणसाने खुंटी घट्ट धरून, उठताना मागे रेलून बसलं तर काही होत नाही. कंबर दुखणाऱ्याने उंटाशेजारी उभं राहून फोटो काढावा. साडीत उंटावर चढणं हे आणखी वेगळं प्रकरण, ते तुमच्या घरात जास्त कळेल.

मुलीचं अवघड नाही. गाडी लागणाऱ्या माणसाला पुढची सीट द्यावी असं आपण नेहमी करतो, कारण समोरचा रस्ता दिसत राहतो. इथे ते चालणार नाही. यूएईत दहा वर्षांखालच्या मुलांना पुढे बसवता येत नाही. मग तिला मधल्या रांगेत, मधोमध, जिथून दोन सीटांमधून समोरचं दिसतं तिथे बसवा, आणि शेजारी तुम्ही. सगळ्यात मागची रांग कोणालाच देऊ नका. ती मागच्या चाकांच्या वर येते आणि तिथे माणूस नुसता उसळतो. दुपारी बिर्याणी नको. पण उपाशीही ठेवू नका, रिकाम्या पोटी जास्त मळमळतं. वरण-भात, दही-भात असं काहीतरी, निघायच्या दोन तास आधी. आलेपाकाच्या वड्या खिशात असू द्या. गोळी द्यायची असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारून, आणि औषधं आणताना चिठ्ठी बरोबर ठेवा, इथे औषधांचे नियम कडक आहेत. (खाऊच्या पिशवीचा विषय निघालाच आहे तर: खसखस लावलेले अनारसे अजिबात आणू नका. खसखस यूएईत बंदी असलेल्या वस्तूंत मोडते.)

आणि ड्रायव्हरशी बोला. बरेच ड्रायव्हर पाकिस्तानचे नाहीतर केरळचे असतात, हिंदी-उर्दू छान समजते. गाडीत बसतानाच "भाईसाब, बच्ची को उल्टी होती है, आराम से" एवढं सांगितलं की तो छोट्या टेकड्या निवडतो, मध्ये दोनदा थांबतो. पण हे कधी शक्य आहे? गाडी अख्खी तुमची असेल तेव्हा. शेअरिंगमध्ये तुमच्या मागे चार कॉलेजची पोरं "और तेज, और तेज" करत असतील तर त्या बिचाऱ्याने कोणाचं ऐकायचं?

म्हणून माझा एकच आग्रह: प्रायव्हेट गाडी घ्या. माणशी दर बघून शेअरिंग फार स्वस्त वाटतं, पण तुम्ही पाच जण आहात. पाच तिकिटांची बेरीज करा आणि मग अख्ख्या गाडीचा भाव विचारा, फरक तुम्हाला वाटतो तेवढा राहत नाही. फार स्वस्त पॅकेजमध्ये आणखी एक गंमत असते. हॉटेलवरून बस नेते, वाळूपाशी उतरवून पंधरा मिनिटं फोर-बाय-फोरमध्ये फिरवतात, पुन्हा बस. आमच्या एका पाहुण्यांना असंच नेलं होतं, त्यांना ती सफारी कधी सुरू झाली आणि कधी संपली हेच कळलं नाही. त्यामुळे बुकिंगआधी व्हॉट्सॲपवर लेखी विचारा: हॉटेलपासून शेवटपर्यंत तीच गाडी का, वाळूत किती मिनिटं, मागच्या रांगेत कोणी बसणार का, एका व्यक्तीला थेट कॅम्पवर सोडणार का आणि तिच्यासोबत कोण असेल. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. आईंना एकट्यांना अनोळखी गाडीत पाठवायला तुम्हालाही बरं वाटणार नाही. बायको किंवा बाबा बरोबर जाऊ देत.

वाटेत जिथे हवा काढायला थांबतात तिथे दुकानं असतात. कोणीतरी हसतहसत तुमच्या डोक्याला अरबी रुमाल बांधून देईल, बांधून झाल्यावर किंमत सांगेल. हातावर ससाणा ठेवून फोटो, त्याचेही पैसे. आधी भाव विचारा, एवढंच. क्वाड बाइक आणि बग्गीचं भाडं बहुतेक वेळा वेगळं असतं. घ्यायची असेल तर तुमच्या प्रवास विम्यात ती बसते का ते बघा, बऱ्याच पॉलिसींत ती वगळलेली असते. स्वच्छतागृह कॅम्पवरच चांगलं मिळतं.

कॅम्पबद्दल फार लिहीत नाही. गहवा (अरबी कॉफी) आणि खजूर छान, मेंदी घाईची, जेवण ठीक. शाकाहारी काउंटर वेगळा असतो, डाळ, पनीर, नान मिळतं. जैन जेवण हवं असेल तर आधी सांगा. घेरदार झग्यात गिरक्या घेणारा तनूरा मूळचा इजिप्तचा आणि बेली डान्सही इथला नव्हे, तेव्हा "अमिराती संस्कृती बघितली" असं समजून परत जाऊ नका. करमणूक म्हणून बघा. रमझानमध्ये मात्र नाच-गाणं सहसा नसतं, आणि सध्या रमझान फेब्रुवारी-मार्चच्या आसपास येतो, दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत. तुमच्या तारखा जुळवून बघा. माझ्या मते त्या दिवसांत कॅम्प उलट शांत आणि जास्त चांगला असतो, पण मुलीला आगीचे खेळ बघायचे असतील तर हिरमोड होईल.

स्वेटर घ्या. दुबईत वाळवंट म्हणजे उकाडा असं धरून लोक टी-शर्टवर येतात आणि फेब्रुवारीत सव्वासहाच्या सुमारास सूर्य बुडाला की कुडकुडत बसतात. बूट नकोत, त्यात वाळू भरते. सहज काढता येतील अशा चपला बऱ्या.

एक वेगळा पर्यायही सांगून ठेवतो, खर्च जास्त झाला तरी चालणार असेल तर. दुबई डेझर्ट कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह नावाचं २२५ चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र आहे, तिथे मोजक्याच कंपन्यांना परवानगी आहे. तिथल्या सफारीत आदळआपट कमी, बघणं जास्त. पांढरेशुभ्र अरबी ओरिक्स (हरणासारखा प्राणी) कळपाने दिसतात. १९७२च्या सुमारास हा प्राणी जंगलातून नामशेष झाला होता, पाळलेल्यांपासून पुन्हा वाढवला. काही ठिकाणी १९५०च्या दशकातल्या उघड्या लँड रोव्हरमधून हळूहळू फिरवतात. गाड्या जुन्या, त्यामुळे आईंसाठी आधी चौकशी करा. वाळूत अधूनमधून एकटं हिरवं झाड दिसेल, इथे त्याला घाफ म्हणतात. २००८ पासून तो यूएईचा राष्ट्रीय वृक्ष आहे, आणि राजस्थानातली खेजडी, आपली दसऱ्याची शमी, ती हीच. ते आईंना आवर्जून दाखवा. आमच्याकडे आलेल्या एका काकूंनी उंटाकडे ढुंकून न बघता त्या झाडालाच नमस्कार केला होता.

बाबांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. स्टेंट, बायपास, मोतीबिंदूचं ताजं ऑपरेशन असं काही नसेल, मान-कंबर ठीक असेल आणि त्यांची स्वतःची इच्छा असेल, तर आईंबरोबर बायकोला पाठवा आणि पुढच्या सीटवर त्यांना बसवा. चष्म्याला दोरी लावा, मोबाइल खिशात चेन बंद करून ठेवायला सांगा, आणि व्हिडिओ काढायचं काम तुम्ही घ्या. वरची दांडी धरायला त्यांना दोन्ही हात लागणार आहेत.