प्लेटलेट ६२ हजार, तरी लक्ष पीसीव्हीवर का?

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात माझ्या बहिणीला (वय ३४) डेंग्यू झाला. पाचव्या दिवशी ताप उतरला, पण प्लेटलेट ६२ हजारांवर आल्या. डॉक्टरांनी प्लेटलेट चढवल्या नाहीत. ‘पीसीव्ही ३७ आहे’ म्हणून दोन दिवस ठेवून घेतलं. रिपोर्टनुसार ३७ नॉर्मल होता. मग असं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : डेंग्यूत जीव जातो तो बहुधा प्लेटलेट घटल्याने नव्हे, तर रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा (रक्ताचा पातळ भाग) पाझरून शॉकमध्ये गेल्याने, म्हणजे रक्तदाब कोसळल्याने. पातळ भाग निघून गेला की रक्त दाट होतं आणि पीसीव्ही, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं शेकडा प्रमाण, वाढतं. मूळ आकड्यावर २० टक्के वाढ दिसली की गळती लक्षणीय आहे असं धरतात.

मूळ आकड्यावर, लॅबच्या नॉर्मलवर नव्हे. बहिणीचं हिमोग्लोबिन एरवी १० असेल (आपल्याकडे बायकांत ते काही नवलाचं नाही), तर तिचा पीसीव्ही ३० च्या आसपास असणार. ३० चा ३७ म्हणजे २३ टक्के वाढ! आणि रिपोर्टात पीसीव्हीचा आकडा काही ठळक छापलेला नसतो, कारण लॅबच्या हिशेबाने तो नॉर्मलच. म्हणून तापाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीच एक सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून तो कागद जपावा. नंतरच्या तपासण्या शक्यतो त्याच लॅबमध्ये. सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त घेऊ देऊ नये. पीसीव्ही खोटा कमी येतो.

पीसीव्ही उतरला म्हणजे बरं वाटतंय असंही नाही. नाडी जलद, बीपी खाली आणि पीसीव्हीही खाली, असं असेल तर आत रक्तस्राव होत असू शकतो.

ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तास सर्वांत नाजूक, आणि नेमके तेव्हाच नातेवाईक डिस्चार्ज मागतात. सतत उलट्या, पोटात जोरात दुखणं, हिरड्यांतून रक्त, गळून पडणं, सहा तासांत लघवी नाही : यातलं एकही दिसलं तर थांबू नये.

रक्तस्राव नसेल तर आकडा साधारण १० हजारांच्या खाली जाईपर्यंत प्लेटलेट चढवत नाहीत; चढवल्या तरी लवकरच नष्ट होतात. मशीनवर आकडा अचानक फार कमी आला, तर काचपट्टीवर मोजून घ्यायला सांगावं. नळीत प्लेटलेटचे पुंजके झाले की मशीनची मोजणी चुकते. तापाला फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन नको.